पुसलेले हात

१

तेजस्वीने मागच्या खोलीतली ट्यूबलाइट बंद केली, खिडकीचे पडदे काढून कोपऱ्यात टाकले आणि खाट ओढत खिडकीशी आणली. खाटेच्या पायांचा आवाज ऐकून तिची आई सुगंधा दारात येऊन उभी राहिली.

"लायट गेली काय गो?"

"नाय गे आये. मीच बंद केलंय. फोटोक उजेड व्हयो."

"उजेड व्हयो म्हणान लायट बंद केलंस? कालेजात ह्याच शिकयल्यानी तुका?"

तेजस्वीने खाटेच्या डोक्याशी पांढरी चादर टांगली. उत्तर दिलं की वाद होणार, आणि सकाळचा मऊ उजेड वादासाठी थांबत नाही. खिडकीबाहेर माडांची बाग होती. समुद्र तिथून दिसत नसे, नुसता ऐकू येई. माडांच्या झावळ्यांतून गाळून येणारा उजेड खाटेवर असा काही पसरायचा, की कुठल्याही स्टुडिओवाल्याला हेवा वाटावा. पलीकडच्या बाजूला तिने गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोलचा तक्ता उभा केला. खिडकीतून आलेला उजेड त्यावर आपटून परत फिरायचा आणि गालावरची सावली हलकी करायचा.

स्टुडिओतल्या बाळांच्या फोटोंचा तिला मनापासून राग होता. प्लॅस्टिकच्या कमळात कोंबलेलं बाळ, मागे फ्लेक्सवर बर्फाचे डोंगर, डोळ्यांत काजळाचे डबे रिकामे केलेले. बाळ बाळासारखं दिसावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण ते ती भांडल्यासारखं म्हणायची. पदवी हातात आली होती, मैत्रिणीचा वापरलेला कॅमेरा मिळाला होता, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: आधी घरच्या बाळावर हात बसवायचा, मग वाडीतल्या घराघरांत जाऊन प्रत्येक आईला आपल्या बाळाचा चांगला फोटो आपल्याच मोबाइलवर काढायला शिकवायचं.

घरचं बाळ म्हणजे तिच्या दादाची, सुदेशची मुलगी. सुदेश मालवाहू जहाजावर. मुलगी जन्मली तेव्हा तो भर समुद्रात होता आणि अजूनही तिकडेच होता. आकांक्षा हे नाव त्याने फोनवरून सुचवलं, पण घरात तिला सगळे बायच म्हणायचे. वहिनी दिव्या नांदगावच्या माहेरी बाळंत झाली आणि बायला घेऊन नुकतीच सासरी आली होती. सुदेशने आपली मुलगी पाहिली ती फक्त पडद्यावर. त्यामुळे तेजस्वीच्या फोटोंची वाट पाहणारं माणूस एकच होतं, आणि ते फार आतुर होतं.

२

अडचण एकच होती. बायने अजून मान धरली नव्हती.

आडव्या बाळाचे फोटो तेजस्वीला पुरेसे झाले होते. तिला बाय बसलेली हवी होती: दोन्ही गाल दोन्ही मुठींवर टेकवलेली, खिडकीकडे पाहणारी. असं बाळ कधी बसत नाही. असे फोटो जोडून करतात, हे ती इंटरनेटवरून शिकली होती. एका फोटोत आईने मागून डोकं धरायचं, दुसऱ्यात पुढून मनगटं. मग लॅपटॉपवर दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे आणि दोन्हींतले हात पुसून टाकायचे. बाळाला धोका नाही, कारण बाळ क्षणभरही सुटं नसतं. सुटं दिसतं, इतकंच.

दिव्या खाटेवर मांडी घालून बसली, तिने बायला धरलं. हातांत बाळंतपणातला हिरवा चुडा. तेजस्वीचे हुकूम सुटत होते.

"वैनी, बोट खाली घे. डोक्याच्या मागे लपव. आणखी."

"आणखी खंय लपवू? कापून ठेवू काय?"

दोघी हसल्या. बायने जांभई दिली.

संध्याकाळी तेजस्वीने तयार फोटो दाखवला. दिव्याने तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला.

"माझे हात खंय गेले?"

"काढलंय."

"बरे नाय दिसत काय?" तिने नखांकडे पाहिलं. नखांत हळद होती.

"तसा नाय गे. लोकांका बाळ दिसाक व्हया ना."

"मगे तिका धरल्यान कोणी? एकटीच बसली म्हणायची?"

"फोटोत तसाच आसता."

"हुशार आसा माझी बाय," दिव्या म्हणाली आणि मोबाइल परत दिला. पण पुढचा सगळा वेळ ती बायला मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी.

फोटो पाहून सुदेशचा आवाजी निरोप दुसऱ्या दिवशी आला. मागे इंजिनाची घरघर होती आणि तिच्यावरून तो ओरडत होता. "गो, बसूक लागली? माझा चेडू बसूक लागला! हय सगळ्यांका दाखवलंय मी!"

"सांग तेका खरा काय ता," दिव्या म्हणाली.

"मगे सांगतंय. खुश आसा मां, रवांदे दोन दिस."

तेजस्वीने सांगितलं नाही. उलट आणखी फोटो काढले. बाय टोपलीत बसलेली. बाय उशीला टेकून बसलेली. बाय कशालाच न टेकता बसलेली. प्रत्येक फोटोतून तिने दिव्याचे हात पुसले, आणि पुसण्यात तिचा हात इतका बसला, की कुठे काय होतं ते तिला स्वतःलाही सापडेना.

३

जी फ्रेम तिला पहिल्यांदा खटकली, ती तशी टाकाऊच होती.

सलग फोटो काढताना मधल्या फ्रेम वाया जातात. डोळे मिटलेले असतात, कुणी हललेलं असतं. अशा फ्रेम ती रोज उडवायची. त्या दिवशी उडवता उडवता तिचं बोट थांबलं. फोटोत दिव्या मागे बसली होती आणि केस सुटले म्हणून दोन्ही हातांनी अंबाडा आवळत होती. दोन्ही हात डोक्यावर. पुढे बाय बसली होती. ताठ. मान सरळ.

तेजस्वीने विचार केला. कॅमेरा एका सेकंदात कितीतरी फोटो काढतो. दिव्याने हात सोडला आणि बायची मान कलंडली, यांच्या मधला क्षण कॅमेऱ्याने पकडला असणार. उडालेला चेंडू फोटोत हवेतच दिसतो, तसंच हे. तिला स्वतःचं स्पष्टीकरण आवडलं.

पण पुढच्या फ्रेममध्येही दिव्याचे हात डोक्यावर होते. त्याच्या पुढच्याही. तिच्या तोंडात पिन होती. चौथ्या फ्रेममध्ये ती पिन केसांत गेली होती. एवढ्या वेळात मान कलंडायला हवी होती. बाय खिडकीकडे पाहत होती. हनुवटी किंचित वर उचललेली, कुणी दोन बोटांनी वर केल्यासारखी.

"वैनी, बाय मान धरूक लागली काय गो?"

"खंयची? अजून नाय." दिव्याने बायला खांद्यावर घेतलं होतं. बायचं डोकं तिच्या गळ्याशी डुगडुगत होतं.

तेजस्वीने त्या सगळ्या फ्रेम उडवल्या. मग लॅपटॉपच्या कचराकुंडीतूनही उडवल्या.

४

त्यानंतर काही दिवस बायचं काहीतरी बिनसलं.

दिव्याने उचललं की ती रडायची. साधं रडणं नव्हे. पाठीची कमान करून, अंग आखडून, दिव्याच्या छातीला दोन्ही मुठी लावून ती स्वतःला मागे ढकलायची. सुगंधाने घेतलं तर थोडी कुरकुर करायची. तेजस्वीने घेतलं तरी कुरकुरच. पण दिव्याकडे गेली की घर डोक्यावर घ्यायची. दूध प्यायची तेही डोळे मिटून, घाईघाईने, काम उरकल्यासारखं.

"खुळी झाली काय गो? आवशीक ओळखणा नाय ती?" सुगंधा म्हणाली आणि बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. "पोटात दुखत आसात. ओवा शेकव."

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं. पोट मऊ, वजन ठीक, ताप नाही. काही बाळं अशी रडतात, पंधरवड्याने विसरतात, असं त्या समजावून म्हणाल्या. सगळ्यांना बरं वाटलं. परतीच्या रिक्षात बाय सुगंधाच्या मांडीवर होती आणि दिव्या आपले रिकामे हात पदराखाली घेऊन बसली होती.

एक मात्र होतं. रडून रडून लाल झालेल्या बायला मागच्या खोलीतल्या खाटेवर नुसतं ठेवलं, की ती गप्प व्हायची. लगेच. कुणी घेतल्यासारखी.

"खाटेचीच आसा ती," दिव्या म्हणाली. हसायचा प्रयत्न केला होता तिने.

"वैनी, तुका सांगू, बाळांका उजेड आवडता. खिडकीतलो उजेड बघता ती."

"उजेड असो मान फिरवीत बघतत? डोळे बग तिचे. खाटेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातत. काय तरी चलता थंय."

"झावळ्यो हलतत."

"आज वारो खंय आसा?"

तेजस्वीने खिडकीबाहेर पाहिलं. एकही झावळी हलत नव्हती.

५

फोटो काढायचे थांबवावेत असं तिच्या मनात आलं, पण थांबवण्यासारखं कारण तिच्याकडे नव्हतं. कारण असल्याशिवाय घाबरणं तिला मान्य नव्हतं. तेव्हा तिने आधीचे फोटो पुन्हा उघडून बसायचं ठरवलं. चूक असेल तर ती तिच्या पुसण्यात असणार.

चूक सापडलीही. पहिल्याच फोटोत. बाय गाल मुठींवर टेकवून बसलेली, आणि मागच्या पांढऱ्या चादरीवर सावली. हात पुसताना ती हाताची सावली पुसायला विसरली होती. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. तिला इतकं हलकं वाटलं, की ती मोठ्याने हसली.

मग तिने मूळ फोटो उघडला, सावली कुठून कुठवर आहे ते पाहायला. मूळ फोटोत दिव्याचा हात होता, मनगटावर बांगड्या होत्या, आणि चादरीवर हाताची सावली होती. सावलीतल्या बांगड्यांच्या कडांचे बारीक पट्टे वेगवेगळे मोजता यावेत इतके स्पष्ट होते. त्या सावलीच्या थोडं वर दुसरी सावली होती. लांब, सरळ मनगटाची. तिला बांगड्या नव्हत्या.

उजेड दोन बाजूंनी येत होता. एक खिडकी, एक थर्माकोल. एका हाताच्या दोन सावल्या पडू शकतात. तेजस्वीने हे स्वतःला दोनदा सांगितलं. पण दोन सावल्या पडल्या तरी बांगड्या दोन्हींत हव्यात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने सुदेशला निरोप लिहिला. बाय अजून बसत नाही. ते फोटो जोडलेले होते. वैनीने धरलं होतं, मी हात पुसले. माझं चुकलं. पाठवला आणि वाट पाहिली. एकच टिक आली. जहाज किनाऱ्यापासून लांब होतं. तिथे रेंज नसते, ती आली की सगळे निरोप एकदम पोचतात. या घरात एकच टिक म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

६

सकाळी दिव्या अंघोळीला गेली. सुगंधा मागच्या पडवीत विळीवर बांगडे कापत होती. तेजस्वीने बायला खाटेच्या मधोमध आडवं ठेवलं, चारही बाजूंनी उशा लावल्या, आणि कॅमेरा स्टँडवर चढवून आपोआप, थोड्या थोड्या वेळाने फोटो काढत राहील असा लावला. मग ती बाहेर येऊन दारालगत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. इथून खाट दिसत नव्हती, पण खोलीत जायची वाट तिच्या अंगावरून होती. कुणी आत गेलं असतं तर तिला धक्का देऊन जावं लागलं असतं.

कॅमेऱ्याचा आवाज आला. कट्. मग शांतता. कट्. पडवीतून विळीचा आवाज, मांजराला हाकलल्याचा आवाज. न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज. कट्.

आणि बाय हसली.

तोवर तिचं हसू तोंडातल्या तोंडात असायचं. हे आवाज करून होतं; खळखळून, मध्येच श्वास अडकून पुन्हा. एकाएकी वर उचलल्यावर मुलं हसतात तसं.

"हसली!" सुगंधा पडवीतून ओरडली. "दिव्या, आयकलंस? बाय हसली गो!"

न्हाणीतलं पाणी थांबलं.

"कोण आसा तिच्याकडे?" दिव्याने आतून विचारलं.

तेजस्वी भिंतीपासून दूर झाली. ती आत गेली. बाय खाटेवर आडवी होती, उशांच्या मधोमध, जशी ठेवली तशी. फक्त दुपटं तिच्या अंगाखालून निघालं होतं आणि तिच्या पायांशी घडी घालून ठेवलेलं होतं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने फोटो मागे मागे नेले. बाय आडवी. बाय आडवी. मग बाय बसलेली, दोन्ही गाल मुठींवर टेकवलेले. अगदी पहिल्या फोटोसारखी. आजूबाजूला कुणी नाही. हात नाहीत, सावलीही नाही. यात पुसण्यासारखं काही नव्हतं, आणि हा फोटो तिने जोडलेला नव्हता.

तिने बायचं डोकं मोठं करून पाहिलं. कानामागचं मऊ जावळ चार ठिकाणी चपटं बसलं होतं. चार ओळींत, शेजारी शेजारी. ओळींच्या मधले केस मात्र फुगलेले होते.

७

दिव्या ओल्या केसांनी दारात आली होती. तेजस्वीने कॅमेरा तिच्यापुढे धरला. दिव्याने फार वेळ पाहिलं. "कोण" असं तिने पुन्हा विचारलं नाही. तेजस्वीला वाटलं होतं, ती विचारील.

"माझो फोटो काढ," दिव्या म्हणाली. "बायक धरून. सुदेशाक पाठव. आणि काय एक पुसू नको."

"वैनी, आपण आधी हयसून भायर जाऊया."

"भायर जाऊन काय? थंय पण ती माझ्याकडे रडतलीच. हयच धरतंय मी तिका."

ती खाटेवर बसली, तिने बायला उचललं आणि मांडीवर घेतलं. बायने लगेच पाठीची कमान केली. दिव्याने एक हात तिच्या पोटावर ठेवला, दुसरा मानेमागे, आणि तिला आपल्याशी धरलं. बाय किंचाळत होती. दिव्याचा चेहरा तिच्या डोक्यावर टेकलेला होता, डोळे मिटलेले होते.

"माझी आसस तू," ती बायच्या केसांत म्हणत होती. "माझी आसस. नव म्हयने पोटात होतंस माझ्या."

तेजस्वीने कॅमेरा डोळ्याला लावला. बाळाच्या फोटोत डोळे स्वच्छ यावेत, म्हणून नेम नेहमी डोळ्यांवर धरायचा. तिने तो दिव्याच्या हातांवर धरला. नखांतली हळद, भिजलेल्या बोटांच्या सुरकुत्या, हिरव्या बांगड्यांवर पाण्याचे थेंब. सगळं स्वच्छ दिसलं. ती बटण दाबणार, एवढ्यात बायच्या पोटावरच्या हाताची करंगळी उचलली गेली.

दिव्याने ती पुन्हा खाली दाबली.

करंगळी पुन्हा उचलली गेली. सावकाश. मग तिच्या शेजारचं बोट.

"वैनी, घट्ट धर."

"धरलंय गो." दिव्याचा आवाज बारीक झाला होता. "माझा बोट... तेजू, माझा बोट रवणा नाय."

आता तीन बोटं हवेत होती, एकेक करून वेगळी केलेली. त्यांच्या खाली काही दिसत नव्हतं. बायच्या झबल्याला मात्र दोन ठिकाणी खळगा पडला होता.

तेजस्वीने कॅमेरा टाकला. तो फरशीवर आपटल्याचा आवाज तिला ऐकू आला, पण तो बराच नंतर ऐकू आल्यासारखा वाटला. ती खाटेवर गुडघ्यांवर चढली आणि तिने दिव्याचा हात आपल्या दोन्ही तळव्यांखाली बायच्या पोटावर दाबून धरला.

तिचे तळवे दिव्याच्या बोटांपर्यंत पोचले नाहीत. मध्ये आणखी बोटं होती. कोमट, कोरडी. त्यांच्या मनगटाशी एकही बांगडी हाताला लागली नाही.

"तेजू," दिव्याने डोळे न उघडता विचारलं, "ही तुझीच बोटां मां?"

"होय," तेजस्वी म्हणाली. "माझीच. तू सोडू नको."

तिच्या तळव्याखालच्या बोटांना जोर नव्हता. घाईही नव्हती. झोपलेल्या मुलाच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी, तशी ती पुन्हा करंगळीपासून सुरुवात करत होती. आणि बायचं रडणं थांबलं होतं.